मोटारीच्या सुकाणूचा मान

माणसाचे मरण कामकाजाच्या पत्रिकेवर आधी लागलेले नसते, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला एक मोठा दोष आहे. त्यामुळे चालू सभेत व्यत्यय येतो. माझी बायको सगुणा गेली तेव्हा रावजींच्या पडवीत पूर्णगड मोटार सहल मंडळाची सभा भरली होती आणि विषय उलटीचा होता. मोटारीत बायकांना मळमळले तर लिंबे कोणी पुरवावीत, यावर दोन मते पडली होती. तेवढ्यात रावजींची बायको तुळसाकाकी आमच्या घराकडून धावत आली, पायरीशी थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, घरी चला."

मी उठलो. चिटणीस धोंडूअण्णा म्हणाले, "कशासाठी?" सभासदाला मधूनच उठायचे तर कारण सांगावे, असा मंडळाचा नियम आहे. तो त्यांनीच केला होता आणि आजवर तो कोणी मोडला नव्हता, कारण मधून कोणी उठलेच नव्हते.

तुळसाकाकी म्हणाली, "सगुणा गेली ओ."

मी घरी गेल्यावर अध्यक्षांनी लिंबांचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब केला. हे मला नंतर वाचून दाखवण्यात आले.

वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, मंडळ वाईट नव्हते. इतक्या नेटाने चाललेले काम मी रत्नागिरीत दुसरे पाहिलेले नाही. माझे मिरकरवाड्यात सुंभ, दोर आणि डांबराचे दुकान आहे. तिथे गिऱ्हाईक दोर ओढून बघते, तुटला नाही तर घेते आणि जाते. त्या धंद्यात विचाराला वाव नाही. मंडळात होता.

सहलीची मूळ कल्पना सगुणाची. तिचे माहेर पूर्णगडचे. तिथे तिची आई गोदूबाई एकटी राहते. मुलगा मुंबईला गिरणीत आहे. म्हातारीला डोळ्यांनी आता फारसे दिसत नाही. इकडे सगुणाच्या पायांना सूज येऊ लागली आणि चार पावले चालली तरी धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, हिला मचव्यात घालून समुद्रातून नेऊ नका, बैलगाडीचे हिसके देऊ नका. आईला भेटायचेच असेल तर मोटारीने सावकाश न्या, आणि फार दिवस लावू नका. मी डोलीचे काढले होते. सगुणा म्हणाली, "जिवंतपणी चौघांच्या खांद्यावर नको बाई. सवय लागायची."

आमच्या आळीत एक मोटार होती. हरिश्चंद्र मुंबईला मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात बरीच वर्षे काढून परत आला, तेव्हा त्याने ती जुनी, कापडी टपाची गाडी आणली. सगुणाने त्याची बायको विमला हिच्यापाशी गोष्ट काढली. तुळसाकाकी तिथेच होती. तांदूळ निवडता निवडता तिघींनी ठरवले: पौष लागायच्या आत निघायचे, वाटेला भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घ्यायची, एक रात्र गोदूबाईकडे राहायचे, दुसऱ्या दिवशी परत, गाडी हरिश्चंद्र हाकील. सुपातले तांदूळ संपायच्या आत बेत पुरा झाला.

एवढ्या मोठ्या कामात अशी घाई बरी नव्हे, म्हणून ते पुरुषांनी हाती घेतले.

मंडळाची रचना अशी होती. रावजी अध्यक्ष, ते कस्टमात होते आणि पेन्शनीत आल्यापासून त्यांना अडवायला काही मिळत नव्हते. धोंडूअण्णा चिटणीस, कोर्टात नकला करतात, त्यामुळे वाक्य कसे लांबवावे हे त्यांना कळते. हरिश्चंद्र हा साधनदाता. मी साधा सभासद, अडचण माझी होती म्हणून. बायकांचा उल्लेख 'प्रवासी वर्ग' असा करण्यात आला आणि प्रवाशांनी सभेला येण्याचे कारण नाही, असे ठरले. (चहा मात्र त्यांनीच आणायचा होता. तो येई.) मंडळाखाली तीन उपसमित्या होत्या: फराळ, सावली आणि उलटी. प्रत्येक उपसमितीत आम्ही चौघेच होतो, पण बसण्याच्या जागा बदलत असू.

पहिला ठराव मोठा बाणेदार झाला. रत्नागिरीत मोटार हाकणारे भाड्याने मिळतात, पण तसला माणूस घ्यायचा नाही. धोंडूअण्णांनी लिहिले की परक्याच्या हाती बायकामाणसे सोपवणे म्हणजे भाड्याचे भोई लावून पालखी नाचवण्यासारखे आहे. आपली सहल आपण हाकायची. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

या ठरावात पालखी हा शब्द आला नसता तर बरे झाले असते.

आमच्या आळीच्या पालखीचा मान सगळ्यांना ठाऊक आहे. शिमग्यात देव घरोघर निघतो तेव्हा पहिला खांदा रावजींच्या घराण्याचा, देवळापासून पिंपळापर्यंत. पिंपळापासून विहिरीपर्यंत धोंडूअण्णांचा. विहिरीपासून सीमेपर्यंत आमचा. हरिश्चंद्राचा आजा बाहेरून येऊन आळीत राहिला, म्हणून त्या घराला खांदा नाही. ते पालखीपुढे दिवटी धरतात. यावरून कोणी कोणाला वाईट वाटून घेत नाही. ज्याला वाटते तो बोलत नाही.

दुसऱ्या सभेत रावजींनी खाकरून विचारले, "सुकाणूवर पहिला कोण बसणार?"

हरिश्चंद्र म्हणाला, "मी. म्हणजे... मलाच येतं ना हाकायला."

रावजींनी त्याच्याकडे फार मायेने पाहिले. "येतं ही गोष्ट वेगळी रे, हरिश्चंद्रा. पालखी उचलायला मिरकरवाड्यातल्या हमालालाही येते."

हे बिनतोड होते. गाडी आळीची माणसे घेऊन आळीतून निघणार आणि सीमेपार जाणार. तेव्हा मान पालखीचाच लागू झाला पाहिजे. त्याप्रमाणे टप्पे पडले. आळीपासून भाट्याच्या खाडीपर्यंत रावजी. तिथे दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकतात आणि गाडी पलीकडे नेतात. पलीकडून गोळपची चढण संपेपर्यंत धोंडूअण्णा. पुढे पावसवरून पूर्णगडपर्यंत मी. हरिश्चंद्राने गाडीपुढे कंदील धरून चालावे, अशी सूचना आली होती, पण सहल दिवसाची असल्यामुळे ती मागे घेण्यात आली.

थोडक्यात, ज्याला मोटार येते त्याला मान नव्हता आणि ज्यांना मान होता त्यांना मोटार येत नव्हती. अशा वेळी शहाणा समाज जे करतो तेच आम्ही केले. आम्ही शिकायला लागलो.

घरी आलो की सगुणा उशाला टेकून बसलेली असायची. विचारायची, "आज कुठवर गेली गाडी?"

"आळीतच आहे."

"असू दे. भाट्यापार झाली म्हणजे मला उठवा. तोवर पडते जरा."

मांडवीच्या वाळूवर शिकवणी सुरू झाली. धोंडूअण्णांनी गाडीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक मराठीत उतरवून काढले आणि ते गाडीत बसण्याआधीच पूर्ण तयार झाले. मग त्यांनी बसण्याची गरज नाही असे ठरवले. मी बसलो. गाडी दोनदा माझ्या मनाविरुद्ध आणि एकदा माझ्या नकळत चालली. रावजी पगडी घालून बसले. त्यांनी सुकाणू धरले, पण खाली पायांनी काय काय दाबायचे हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. आयुष्यभर त्यांनी हाताने सह्या केल्या होत्या. पायांचा उपयोग कचेरीत जाण्यापुरता.

त्या रात्री मी हरिश्चंद्राकडे गेलो. म्हटले, "हरिश्चंद्रा, उद्या पहाटे आपण दोघे आणि सगुणा. कोणाला सांगायचे नाही. खाडी उतरून जाऊ."

तो मोटारीच्या टपावरची धूळ पुसू लागला. विमला आतून म्हणाली, "जावा की. काय मोटारीला टाळं लावलंय?"

"तू गप गो." मग मला म्हणाला, "नेली असती भाऊ, तुमच्या गळ्याची शपथ. पण रावजी बोलले हायेत, सहल नीट पार पडली तर शिमग्याला आमच्या घराला खांद्याचं बघू. विहिरीपाशी थोडा. आमचा बापूस दिवटी धरून धरून मेला ओ."

दुसऱ्या दिवशी सभेत मी माझा टप्पा हरिश्चंद्राला देऊ केला. मला वाटले, गोष्ट संपली. पण मंडळाचा अभ्यास माझ्याहून खोल होता. धोंडूअण्णा म्हणाले, मान हा काही तुमच्या दुकानातला दोर नव्हे, कापून द्यायला. तो घराण्याचा आहे. भाऊबंदांची संमती पाहिजे. माझे भाऊबंद मुंबईला. ते सगळे एका खोलीत राहतात आणि गिरणीतल्या पाळ्या वेगळ्या असल्यामुळे एका वेळी जागे नसतात. पत्र गेले. होळीच्या सुमारास उत्तर आले की आमच्या पूर्वजांनी विहिरीपासून सीमेपर्यंत खांदा दिला तो काय असा वाटून टाकायला? सुकाणू सोडू नये. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या. त्यांतल्या एकानेही मोटारीत पाय ठेवलेला नव्हता, म्हणून मत अगदी निर्भेळ होते.

पुढे पावसाळा आला. मंडळाला विचार करायला चार महिने मोकळे मिळाले. उपसमित्यांचे काम याच काळात भरभराटले. सावलीचे दोन अहवाल झाले, एक उन्हाविरुद्ध आणि एक टपाविरुद्ध. सगुणाला आता पडवीत येऊन बसणेही होईना. तुळसाकाकी रोज येऊन तिचे पाय चेपायची. एकदा मी आत असताना ती सगुणाला सांगत होती, "आमच्या ह्यांना काल स्वप्न पडलं. म्हणे गाडी चालली. घाबरून उठले नि पाणी मागितलंनी."

सगुणा इतकी हसली की धाप लागली. मग म्हणाली, "आयेला सांगून ठेवा. ती वाट बघत असेल. मोटार येते आहे म्हणावं, उशीर झाला तरी."

मी पूर्णगडला निरोप पाठवला. निरोप मचव्याने दुसऱ्या दिवशी पोचला. त्याला मान लागत नाही.

दिवाळीनंतर तोड निघाली, आणि ती निघाली रावजींच्या डोक्यातून, हे कबूल केले पाहिजे. पालखीत मान खांद्याला आहे, पायांना नाही. पाय कोणाचेही चालतात. तेव्हा मोटारीतही हात मानकऱ्याचे असावेत आणि पाय हरिश्चंद्राचे. यात परंपरा राहते आणि गाडीही चालते. हरिश्चंद्राने शेजारी तिरके बसून रावजींच्या मांडीवरून एक पाय पलीकडे टाकायचा. दिसायला ते कसे दिसेल असे मी विचारले. धोंडूअण्णा म्हणाले, टप आहे ना.

रंगीत तालीम मिरकरवाड्याच्या बंदरावर झाली. सगळा कोळीवाडा बघायला आला होता. रावजींनी नारळ वाढवला, धोंडूअण्णांनी देवाला गाऱ्हाणे घातले, त्यात मंडळाचे पूर्ण नाव दोनदा घेतले. गाडी निघाली. ती सरळ गेली तोवर हात आणि पाय यांचे उत्तम जमले. मग पुढे एक कुत्रे आले. रावजी म्हणाले, "सदर कुत्र्यास..." आणि पुढचे वाक्य जुळवू लागले. हरिश्चंद्राला टपाखालून कुत्रे दिसत नव्हते, आणि हुकूम पुरा झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही असे ठरलेले होते. कुत्रे आपणहून बाजूला झाले. गाडी वाळत घातलेल्या बांगड्यांवरून जाळ्यांच्या ढिगात शिरली आणि तिथे थांबली.

बाबल्या खारवी त्या जाळ्यांचा धनी. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "रावजी, मासे मेलेले होते ओ. परत कशाला मारलेत?"

मंडळाने तालीम यशस्वी झाल्याचे नोंदवले. इजा: शून्य माणूस, शून्य कुत्रा. (बांगडे आधीच गेलेले असल्यामुळे धरले नाहीत.) निघायचा दिवस ठरला. फक्त लिंबे राहिली होती. त्यासाठी ती सभा होती.

सगुणाला नेले त्या दिवशी मानाचा प्रश्न निघाला नाही. हरिश्चंद्राने घरापासून मसणवटीपर्यंत पहिला खांदा दिला. मध्ये कोणी बदलायला गेले तर त्याने दिला नाही, आणि पिंपळ आला, विहीर आली, तरी कोणी काही बोलले नाही. सगळे वेळेवर झाले. मंडळाने पार पाडलेला तो पहिला प्रवास.

आता निरोपाचे. आमच्याकडे मयताची बातमी आईला पत्राने कळवत नाहीत; घरचा माणूस जाऊन तोंडाने सांगतो. मी क्रियेला बसलेला, तेरा दिवस घर सोडता येत नव्हते. तिचा भाऊ मुंबईला. तुळसाकाकी म्हणाली, मी आणि विमला जातो, पायी जातो, तरीच्या होडीने खाडी उतरली की काय आहे. रावजी म्हणाले, बायकांनी असा निरोप नेणे शोभत नाही. सगुणा ही मंडळाची मूळ प्रवासी, तेव्हा मंडळ स्वतः जाईल आणि मोटारीने जाईल. त्यांचे डोळे भरून आले होते. मला खोटे वाटले नाही आणि आजही वाटत नाही. मी मान हलवली.

मंडळाने त्याच संध्याकाळी मचव्याबरोबर पूर्णगडच्या मंडळींना कळवले की मंडळ येत आहे, तोवर गोदूबाईंना कोणी काही सांगू नये. एवढ्या वर्षभरात एक ठराव त्याच दिवशी अमलात आला तो हा.

काल तेरावे झाले. आज सकाळी बाबल्या दुकानात आला. तो पूर्णगडहून येत होता. दोराकडे न बघता उभा राहिला.

"भाऊ, तुमची माणसं गेली काय ओ पूर्णगडला?"

"गेली असतील की. मंडळ जायचे होते."

"नाय गेली. गाडी हरिश्चंद्राच्या दारात हाय, आताच बगून आलो. चाकाखाली कोंबडी बसलीय." मग तो खाली बसला. "म्हातारीला कोण काय बोलत नाय. तुमचा सांगावा हाय ना तसा. गावानं रस्त्यातले धोंडे काढलेनी मोटारीसाठी. म्हातारी त्यांचा आवाज ऐकते नि रोज अंगण सारवते. रोज तांदूळ भिजत घालते घावनांना. रात्र झाली की वाटून शेजारी देते नि सकाळी पुन्हा घालते. मना हाक मारलान, जवळ बसवलान. म्हणते, बाबल्या, टपाखाली धूळ लागत नाय ना रे तिला?"

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, नाय लागत."

मी तसाच रावजींकडे गेलो. पडवीत सभा भरली होती. मला पाहून सगळे उभे राहिले आणि जागा करून दिली. निरोप न्यायला उशीर का झाला, तेही समजले: शुभ कामाला निघताना मान लागतो हे स्पष्ट आहे, पण अशुभ निरोप नेतानाही पालखीचाच क्रम धरायचा की उलटा, यावर मतभेद होता. धोंडूअण्णांच्या मते उलटा. तसे असेल तर पहिला टप्पा माझा येत होता आणि मी क्रियेत, म्हणून काम अडले होते. आता मी मोकळा झालो, याबद्दल मंडळाने समाधान व्यक्त केले.

मी म्हणालो, मी उद्या पायी जातो.

रावजी म्हणाले, "एकटे? छे छे. लोक काय म्हणतील? दोन दिवस थांबा, मंडळ येतेच आहे." हरिश्चंद्र खाली बघत होता. आतून तुळसाकाकीचा आवाज आला, "मी नि विमला चाललो हाव उद्या भाऊंबरोबर. तुमचा भात नि आमटी झाकून ठेवलीय." त्यावर चर्चा झाली नाही, कारण प्रवासी वर्गाला सभेत बोलता येत नाही.

इथवर आलेल्या वाचकाला केव्हाच वाटले असेल की कोणीतरी मध्येच उठायला हवे होते. मंडळातही प्रत्येकाला ते वाटत होते. एकेकट्याला गाठून विचारले तर प्रत्येक जण हेच म्हणाला. वाचक त्या बाबतीत आमच्या तोडीचे आहेत. म्हातारी तांदूळ भिजत घालते हे कळल्यावरही त्यांनी जागा सोडली नाही. कुत्र्यापाशी हसले, तेराव्यापाशी हळहळले, आणि शेवट काय होतो म्हणून बसून राहिले. अशी माणसे मंडळाला नेहमीच हवी असतात. पडवीत जागा आहे, चहा येतो.

निघताना धोंडूअण्णांनी माझ्या हातात म्हातारीला वाचून दाखवायचा मसुदा दिला. 'आपल्या सुशील कन्येच्या दुःखद निधनाने मंडळाची जी हानी झाली आहे' अशी सुरुवात आहे. तो मी दुकानातच ठेवला. मी दारात जाऊन 'आये' म्हटले की ती आधी माझ्या मागे कोण आहे ते विचारणार. तिथपर्यंत मला कळते. पुढचे सुचलेले नाही.

गोदूबाईला अजून कोणी सांगितलेले नाही.